विश्लेषण : खाडीतून उपसलेला गाळ परत का येतो? पुण्यात घडलेल्या अभियंत्याने शोधलेले उत्तर

भिवंडीतून वाहणारी कामवारी नदी वसईच्या खाडीला मिळते. ओहोटी लागली की खाडीच्या काठांवर चिखल उघडा पडतो. नदी हा गाळ समुद्रात नेऊन टाकते, असा सर्वसाधारण समज आहे. पण काही वेळा गाळ समुद्राकडून उलट आतही येतो. ही बाब ज्यांच्या संशोधनातून ठळक झाली, ते सर क्लॉड इंग्लिस (१८८३-१९७४) खडकवासल्यात घडले.

कोण होते इंग्लिस?

डब्लिनमध्ये जन्मलेले इंग्लिस १९०६ मध्ये अभियंता म्हणून भारतात आले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासला येथील जलसंशोधन संस्था त्यांनी नावारूपाला आणली. १९४५ पर्यंत ते तिचे संचालक होते. आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच.

पुण्यात काय केले?

नद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी आणि वाळू सोडून ते प्रयोग करत. सिंधू नदीवरील सक्कर बंधाऱ्याच्या उजव्या कालव्यांत गाळ साचत होता. नदीच्या वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे, तर तळाचे वाळूमिश्रित पाणी आतल्या काठाकडे सरकते. म्हणून बाहेरच्या बाजूने पाणी घेतल्यास कालव्यात वाळू कमी शिरते. उपाय याच तत्त्वावर बेतला गेला.

टेम्समध्ये काय आढळले?

१९४७ ते १९५८ या काळात इंग्लिस ब्रिटनच्या जलसंशोधन संस्थेचे संचालक होते. लंडन बंदरातून उपसलेला गाळ टेम्सच्या मुखाशी टाकला जाई, तरी बंदर पुन्हा भरे. खारे पाणी जड असते. ते तळाशी राहून नदीच्या उलट दिशेने आत सरकते आणि गाळही सोबत आणते, असे इंग्लिस आणि त्यांचे सहकारी अॅलन यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यानंतर गाळ पाण्यात न टाकता जमिनीवर टाकण्याकडे बंदराचा कल वळला.

आज महत्त्व काय?

कोकणातील खाड्यांतही गोडे पाणी, खारे पाणी आणि भरती-ओहोटी एकत्र येतात. तेथे गाळ किती उपसला, इतकाच तो कुठे टाकला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जागा चुकली तर खर्च करून काढलेला गाळ भरतीबरोबर परत येऊ शकतो.