एकही गोळी न झाडता तवांगमध्ये तिरंगा रोवणाऱ्या मेजर बॉब खाथिंग यांची मेडल्स काय सांगतात?

तवांगचं नाव बातम्यांमध्ये आलं की मागोमाग चीन, मॅकमोहन रेषा आणि १९६२ हे विषय येतातच. डिसेंबर २०२२ मध्ये यांगत्सेला दोन्हीकडचे जवान भिडले, तेव्हाही टीव्हीवर हेच चाललं होतं. पण मुळात तवांगचा कारभार भारताच्या हातात आला कसा, हे कुणाला विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात.

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या नावाशी जोडलेलं आहे. मेजर रालेंगनाओ खाथिंग, मित्रमंडळींत बॉब.

त्यांच्या नावापुढे एमसी आणि एमबीई अशी अक्षरं लागतात. पुढे पद्मश्रीही मिळाली. आता तुम्हाला वाटेल, एमसी म्हणजे तवांगच्या कामगिरीचं बक्षीस असणार. तर नाही. एमसी आणि एमबीई हे दोन्ही सन्मान इंग्रजांनी दिलेले आहेत आणि तवांगच्या कितीतरी आधीचे आहेत. तवांगसाठी त्यांना शौर्यपदक मिळालेलं नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

खाथिंग यांचा जन्म १९१२ मध्ये मणिपूरच्या उखरुल भागातला. समाज तांगखुल नागा. हा समाज भारत आणि बर्मा, म्हणजे आजचा म्यानमार, अशा दोन्ही बाजूंना राहतो. सीमारेषा नंतर आखली गेली, माणसं आधीपासून तिथंच होती. इम्फाळला शाळा, गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिक्षण, मग आसाममध्ये आणि परत येऊन उखरुलमध्ये शिक्षकी, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. सगळं असंच चाललं असतं तर एक चांगला हेडमास्तर म्हणून त्यांची कारकीर्द संपली असती.

पण दुसरं महायुद्ध सुरू झालं. खाथिंग सैन्यात गेले आणि १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. हीच रेजिमेंट आज कुमाऊं रेजिमेंट म्हणून ओळखली जाते. किंग्ज कमिशन मिळवणारे ते पहिले मणिपुरी. रालेंगनाओ हे नाव गोऱ्या सहकाऱ्यांच्या जिभेवर काही बसेना, म्हणून त्यांनी सरळ बॉब म्हणायला सुरुवात केली. ते नाव शेवटपर्यंत चिकटलं.

१९४२ मध्ये जपान्यांनी बर्मा घेतला आणि युद्ध भारताच्या दारात आलं. मणिपूर ते बर्मा हा सगळा पट्टा डोंगर, दाट जंगल आणि पावसाचा. शत्रू नेमका कुठे आहे, किती आहे, कुठल्या वाटेने सरकतोय, हे कळायला मार्ग नव्हता. यासाठी इंग्रजांनी व्ही फोर्स नावाची संघटना उभी केली. आसाम रायफल्सचे जवान, मोजके अधिकारी आणि बाकी सगळे स्थानिक गावकरी अशी तिची रचना होती. जपान्यांच्या फळीजवळ, कधी त्यांच्या मागे राहायचं आणि खबर काढून ती मागे पोहोचवायची, हे तिचं काम.

खाथिंग या व्ही फोर्समध्ये आले. ज्या डोंगरात ते वाढले, तिथंच आता त्यांना हेरगिरी करायची होती. युनिफॉर्म उतरवून तांगखुल शाल पांघरायची, केस गावातल्या माणसांसारखे कापायचे आणि वाटसरूंमध्ये मिसळून जायचं. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य उखरुलवरून इम्फाळ आणि कोहिमाकडे घुसलं, तेव्हा या खबरींना जिवाचं मोल आलं. गावकऱ्यांनी माहिती दिली, वाटा दाखवल्या, जखमी लपवले. पकडले गेले तर काय होणार, हे त्यांना माहीत होतं. तरी ते अधिकाऱ्याला फितूर झाले नाहीत, कारण अधिकारी त्यांच्यातलाच होता. मला विचाराल तर खाथिंग यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे.

याच काळातल्या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. हे मेडल १९१४ मध्ये सुरू झालं. चांदीचा क्रॉस, पांढरी फीत आणि मधोमध जांभळा पट्टा. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी ते अधिकाऱ्यांना दिलं जायचं. एमबीई हा १९१७ मध्ये सुरू झालेल्या ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरमधला सन्मान. ही सेवेची पावती, तिला गोळीबाराची अट नाही.

युद्ध संपल्यावर मणिपूरच्या महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं. मणिपूरच्या अंतरिम सरकारमध्ये आणि १९४८ च्या निवडणुकीनंतरच्या मंत्रिमंडळात डोंगरी भागाचं खातं त्यांच्याकडे होतं. १९४९ मध्ये मणिपूर भारतात विलीन झालं, ते मंत्रिमंडळ गेलं आणि खाथिंग आसाम रायफल्समध्ये दाखल झाले. तिथून त्यांना सरहद्दीच्या कारभारात असिस्टंट पोलिटिकल ऑफिसर म्हणून घेण्यात आलं.

आता थोडं तवांगबद्दल. १९१४ च्या सिमला करारात मॅकमोहन रेषा आखली गेली आणि कागदावर तवांग भारताच्या बाजूला आलं. पण कारभार तिबेटचाच राहिला. ल्हासाचे अधिकारी, ज्यांना झोंगपेन म्हणत, ते आणि तवांगचा मोठा मठ तिथल्या मोनपा लोकांकडून कर गोळा करत. १९३८ मध्ये इंग्रजांनी कॅप्टन लाइटफूट यांची एक तुकडी पाठवून पाहिली, पण ठाणं काही टाकलं नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये चीनचं सैन्य तिबेटमध्ये शिरलं आणि दिल्लीत खळबळ उडाली. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबरला नेहरूंना या धोक्याबद्दल सविस्तर पत्र लिहिलं. १५ डिसेंबरला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर महिनाभरातच आसामचे राज्यपाल जयरामदास दौलतराम यांनी खाथिंग यांच्यावर एक गुप्त कामगिरी सोपवली. तवांगला जायचं आणि तिथे भारताचा कारभार सुरू करायचा.

१७ जानेवारी १९५१ ला आसामच्या पायथ्याशी असलेल्या चारद्वारहून तुकडी निघाली. आसाम रायफल्सचे साधारण दोनशे जवान आणि पुढे सामान वाहायला सहाएकशे हमाल. वाटेत सेला खिंड, उंची १३,७०० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं, म्हणजे त्याच्या अडीच पट. तीही ऐन हिवाळ्यात, बर्फातून आणि पायी. आज त्याच वाटेवर २०२४ पासून सेला बोगदा सुरू आहे आणि लोक गाडीतून रील्स काढत जातात, तो भाग वेगळा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुकडी तवांगला पोहोचली. इथे कुणी घाईचा लष्करी अधिकारी असता तर त्याने आधी मठासमोर बंदुका लावल्या असत्या. खाथिंग यांनी गावबुढे, म्हणजे गावचे पुढारी, यांना बोलावलं. जमीन पाहिली. तळ कुठे पडला म्हणजे मठातून आणि वस्तीतून दिसेल, याचा अंदाज घेतला. तिबेटी अधिकारी दाद देत नाहीत हे दिसल्यावर बंदुकांना संगिनी लावून गावातून संचलन काढलं. ताकद दाखवली, वापरली नाही. यापुढे झोंगपेनांना कर द्यायचा नाही, असं मोनपांना सांगितल्यावर लोकांचा कल कुठे जाणार हे उघड होतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काम फत्ते झालं होतं. कुणाचाही जीव गेला नाही.

ल्हासा सरकारने निषेध नोंदवला. भारताने तो मानला नाही. आज तवांगवर हक्क सांगणारा चीन त्या वेळी मात्र गप्प बसला. नेहरूंना या मोहिमेची आधीपासून किती कल्पना होती, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहेत.

तर मेडलचा मुद्दा. शौर्यपदक द्यायचं तर लढाई लागते. खाथिंग यांनी लढाई होऊच दिली नाही. शिवाय सगळा मामला गुप्त, त्यामुळे पेपरात फोटो नाहीत, भाषणं नाहीत. उखरुलच्या जंगलात त्यांनी जे केलं होतं, म्हणजे आधी माणसं ओळखायची, मग जमीन आणि हत्यार सगळ्यात शेवटी, तेच त्यांनी तवांगला केलं. एकदा त्याला क्रॉस मिळाला, दुसऱ्यांदा फाईल बंद झाली. आणि हा हिशोब मला तरी पटत नाही.

१९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. नंतर मोकोकचुंग, सिक्कीम आणि मग नागालँडचे मुख्य सचिव, अशा जबाबदाऱ्या आल्या. नागालँडचा तो काळ बंडखोरीचा. सरकारी अधिकारी म्हणून बसायचं आणि समोर आपल्याच समाजातली माणसं, ही कसरत सोपी नव्हती.

१९७२ मध्ये त्यांना बर्मात भारताचे राजदूत म्हणून पाठवलं गेलं. आदिवासी समाजातून आलेले ते देशाचे पहिले राजदूत. तीस वर्षांपूर्वी ज्या सीमेवर ते शाल पांघरून जपान्यांच्या हालचाली टिपत होते, त्याच सीमेपलीकडच्या देशात आता ते भारताचा चेहरा होते. १९७५ पर्यंत ते रंगूनमध्ये राहिले. या नेमणुकीत कुणीतरी डोकं लावलं होतं एवढं नक्की, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असणारा समाज म्हणजे काय, हे दिल्लीतल्या कुठल्याही बाबूपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

१२ जानेवारी १९९० ला त्यांचं निधन झालं. तवांगमध्ये त्यांच्या स्मारकाचं काम सुरू व्हायला २०२१ उजाडलं, म्हणजे मोहिमेला सत्तर वर्षं झाली होती. ३१ ऑक्टोबर २०२४ ला, सरदार पटेलांच्या जयंतीच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तवांगच्या मेजर रालेंगनाओ बॉब खाथिंग म्युझियम ऑफ व्हॅलरचं उद्घाटन केलं. कधी तवांगला गेलात तर मठ पाहून झाल्यावर तिकडेही चक्कर मारा.