चिंतामणराव देशमुख : तिजोरी आणि अस्मिता

परराष्ट्रव्यापार आणि चलन हे तज्ज्ञांचे क्षेत्र, तर भाषिक अस्मिता हा चौकातल्या सभांचा विषय, अशी सोयीची वाटणी आपल्याकडे केली जाते. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र ही वाटणी खोटी ठरवते.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद, अशी त्यांची चढती कमान होती. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. तेथील भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. देश परतंत्र होता आणि शिष्टमंडळाचे नेतृत्वही इंग्रज अर्थसदस्याकडे होते. तरीही भारताची बाजू वेगळी मांडली गेली. युद्धकाळात घेतलेल्या मालापोटी ब्रिटनकडे भारताचे येणे साचत होते. युद्धअखेर ते सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. त्याच्या फेडीची सोय नाणेनिधीमार्फत व्हावी, ही मागणी ब्रिटनच्या विरोधामुळे मान्य झाली नाही. मात्र भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. पुढे सोव्हिएत रशिया बाहेर राहिल्याने भारत पहिल्या पाचांत आला आणि त्याला कार्यकारी संचालक नेमण्याचा हक्क लाभला. स्वातंत्र्यापूर्वीच भारताने जगाच्या व्यवहारात आपले वेगळे अस्तित्व नोंदवले होते.

१९५० मध्ये देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत रोहे आणि धाटाव ज्यात येतात त्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याने त्यांना लोकसभेत पाठविले. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. एकाच माणसाच्या खांद्यावर राष्ट्राची तिजोरी होती आणि मनावर आपल्या लोकांचा आक्रोश. देशमुखांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये तो अमलात आला. मंत्रिमंडळाला डावलून निर्णय जाहीर झाला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे लोकसभेतील मुख्य आक्षेप होते. त्यांचा निषेध केवळ प्रांताभिमानाचा नव्हता. राज्यकारभाराच्या रीतीचाही होता.

या राजीनाम्याची वेळ विसरता येत नाही. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. यंत्रसामग्रीची आयात वाढत होती आणि परकीय चलनाची गंगाजळी ओसरू लागली होती. ही टंचाई देशमुखांच्या जाण्याने आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची मुळे योजनेच्या आकारातच होती. परंतु ज्या क्षणी अनुभवी हातांची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी एका अंतर्गत प्रश्नाच्या हाताळणीने ते हात दूर झाले. १९५८ मध्ये भारताला मदत करणाऱ्या देशांची बैठक जागतिक बँकेनेच भरविली. जिच्या स्थापनेत भारत सहभागी होता, तिच्याच दारी तो मदतीसाठी उभा होता.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी, १ मे १९६० रोजी, मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला होता. त्या राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत रोह्याशेजारी धाटावला उभी राहिली. तेथील रासायनिक कारखान्यांचा माल आज परदेशी जातो. भाषेच्या लढ्यातून जन्मलेले राज्य आणि सागरापारचा व्यापार तेथे एकाच कुंपणात नांदतात. घरातल्या माणसांचा विश्वास गमावून कोणतेही सरकार बाहेरच्या बाजारात फार काळ ताठ मानेने उभे राहू शकत नाही, हा देशमुखांच्या चरित्राचा धडा आहे.