शाळेपलीकडच्या सावित्रीबाई : दुष्काळापासून प्लेगपर्यंत

सावित्रीबाई फुले म्हटलं की भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. अंगावर शेण-चिखल झेलत शिकवायला जाणारी बाई आठवते. पण उपाशी आणि आजारी माणसांसाठी ही माउली किती राबली, ते फारसं सांगितलं जात नाही. त्यांचा शेवटही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच झाला.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. लहानपणीच जोतिरावांशी लग्न झालं आणि 1848 मध्ये दोघांनी पुण्यात शाळा सुरू केली. शाळा चालवता चालवता गरिबाघरची दुखणीही दिसत गेली.

विधवेला दिवस गेले, की लोकलाजेपायी तिला जीव द्यावा लागे, नाहीतर मूल मारावं लागे. अशा बायकांसाठी 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा, अशी सोय तिथे होती. तिथेच जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला.

पाण्याचंही तसंच. अस्पृश्य म्हटलेल्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावायची बंदी. मग मिळेल ते गढूळ पाणी प्यायचं आणि त्यातून हगवण, पटकीसारखी दुखणी ओढवून घ्यायची. 1868 मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला.

1876-77 चा दुष्काळ तर भयानक होता. सावित्रीबाई तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला कामात होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिथली दैना मांडली. गुरं मरत होती, माणसं नको ती फळं खाऊन दिवस काढत होती आणि सावकार अडलेल्यांना नाडत होते. पाऊस सगळ्यांवरच रुसला होता, पण उपासमारीने मेला तो हातात पैसा नसलेला. सत्यशोधक समाजाने पोरक्या, उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली, त्यात सावित्रीबाई पुढे होत्या.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतिराव गेले. सावित्रीबाई खचल्या नाहीत, समाजाचं काम त्यांनी पुढे नेलं.

1896 च्या शेवटाला मुंबईतून प्लेग पुण्यात आला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून तो पसरतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांच्याकडे पैसा होता, गावी घर होतं, ते शहर सोडून निघाले. हातावर पोट असलेला जाणार कुठे? एका अंधाऱ्या खोलीत सगळं कुटुंब, जवळच धान्य आणि धान्याला उंदीर. त्यात गोरे शिपाई घरं तपासायला यायचे, रुग्णाला उचलून न्यायचे. त्या भीतीने लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे.

सावित्रीबाई तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. यशवंतला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. जात विचारायची नाही, पैसा मागायचा नाही. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने फणफणलाय असं कळलं. त्याला कोण हात लावणार? सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला असं सांगतात. पण सेवा करताना प्लेगने सावित्रीबाईंनाच गाठलं. 10 मार्च 1897 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

रोग जात बघत नाही असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. पण स्वच्छ पाणी, पोटभर अन्न, हवेशीर घर आणि वेळेवर दवाखाना कुणाच्या वाट्याला येतो, ते जात आणि पैसाच ठरवत होते. सावित्रीबाई आयुष्यभर त्याच्याशीच झगडल्या. आजही वाडीवस्तीवरच्या बाळंतिणीला दवाखाना लांब पडतो, तेव्हा तो झगडा अजून संपलेला नाही हे कळतं.

क्रांतिज्योती सावित्रीबाईंना विनम्र अभिवादन!