पर्वतीचे पंच आणि सार्वजनिक काका

देवस्थानाच्या पैशाचा हिशेब मागता मागता महाराष्ट्रातील पहिली समर्थ राजकीय लोकसंस्था जन्माला आली, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच जाते. पाठ्यपुस्तकात पुणे सार्वजनिक सभेच्या नावापुढे २ एप्रिल १८७० ही तारीख असते, राष्ट्रीय सभेची पूर्वपीठिका म्हणून एक वाक्य असते आणि प्रकरण पुढे सरकते. सभेचे जनक गणेश वासुदेव जोशी यांना तर लोकांनी दिलेल्या सार्वजनिक काका या नावाखेरीज फारसे काही उरलेले नाही. वस्तुतः सत्तास्थानी बसलेल्या माणसास जाब विचारायचा तो कोणत्या अधिकाराने, या प्रश्नाचे जे उत्तर या गृहस्थाने शोधले, ते अजूनही शिळे झालेले नाही.

जोशी १८२८ साली सातारा येथे जन्मले. त्यांच्या घरी ना सरदारकी होती, ना त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी होती. काही काळ सरकारी नोकरी करून पुढे त्यांनी पुण्यात वकिली आरंभली आणि तीत चांगला जम बसविला. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर मध्यमवर्गीय, पोटापुरते मिळवणारा आणि कागदपत्रांची उत्तम जाण असलेला हा मनुष्य. कागदपत्रांची ही जाण पुढे निर्णायक ठरली, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख केला.

पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी उभारलेले. पेशवाई बुडाल्यानंतरही संस्थानचे उत्पन्न चालू राहिले. सरकारने मात्र देवस्थानांच्या व्यवस्थेतून अंग काढून घेण्याचे धोरण पत्करले आणि असा कारभार स्थानिक पंचांच्या हाती जाऊ लागला. सरकारी देखरेख सुटली, पण तिच्या जागी लोकांची देखरेख मात्र आली नाही. पर्वतीच्या पंचांच्या वर्तनाविषयी पुण्यात कुरबुर सुरू झाली. अशी कुरबुर कोणत्या गावात नसते? ओट्यावर बसून ती करणारे पुष्कळ असतात, आणि पंच मंडळी ती शांतपणे ऐकून घेतात, कारण ओट्यावरचे बोलणे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. शिवाय तक्रार करणाराला विचारता येते, की बाबा रे, तू कोण? तुला कोणी पाठविले?

जोश्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर वकिलाला शोभणारे होते. वकील न्यायालयात उभा राहतो तो पक्षकाराने दिलेल्या वकीलपत्राच्या जोरावर. तर मग लोकांच्या वतीने उभे राहणाऱ्यानेही लोकांचे मुखत्यारपत्र का आणू नये? सभेचा सभासद होण्यासाठी नियम झाला तो असा, की कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या निदान ५० प्रौढ माणसांनी सही करून आपल्याला मुखत्यार नेमले आहे, असा लेख त्याने सादर करावा. पहिल्याच वर्षी अशा ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. मताचा अधिकार ही वस्तू ज्या देशात कोणाला ठाऊक नव्हती, तेथे १८७० साली हे घडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील मर्म लगेच उमगावे. दुसऱ्याच्या पैशाची व्यवस्था पाहणारा आणि ज्याचा पैसा आहे तो, यांच्यात हितविरोध असतोच. तो आवरायचा तर मालकाला कोणी तरी बोलका प्रतिनिधी हवा. परंतु त्या प्रतिनिधीवर तरी लगाम कोणाचा? मुखत्यारपत्राने तो लगाम सही करणाराच्या हाती ठेवला होता.

पर्वतीचा प्रश्न निमित्तमात्र ठरला आणि सभेचे लक्ष लवकरच त्याहून मोठ्या हिशेबाकडे गेले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, सीताराम हरी चिपळूणकरांसारखे कष्टाळू चिटणीस लाभले आणि १८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले. सभेची बुद्धी रानड्यांची, हे सर्वमान्य आहे. पण रानडे सरकारी नोकर होते, त्यांना उघडपणे निवेदनाखाली सही करता येत नव्हती. १८७८ मध्ये त्यांना नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला हलविण्यात आले, यावरून सरकारच्या मनात काय होते ते दिसतेच. बदलीचे भय नसलेला, चार लोकांत वावरणारा आणि दारोदार जाऊन सह्या गोळा करण्यात कमीपणा न मानणारा माणूस सभेला हवा होता. तो काकांच्या रूपाने मिळाला. इतिहासकार या दुसऱ्या प्रकारच्या कामाला पहिल्याइतके मोल देत नाहीत, हा अन्याय आहे असे मला वाटते.

१८७१ मध्ये ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेच्या चौकशीसाठी समिती नेमली, तेव्हा सभेने नुसता अर्ज धाडून समाधान मानले नाही. १८७२ साली तिने स्वतःची उपसमिती नेमून दख्खन आणि कोकणातील रयतेच्या स्थितीची जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली व पुढच्या वर्षी अहवाल प्रसिद्ध केला. साराफेरणीत झालेली जबर वाढ हा त्यातील कळीचा विषय. १८७४ मध्ये सरकारने या वाढीवर मर्यादा घातल्या : तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर ६६ आणि एका खातेदारावर १००. खातेदाराचा सारा दुप्पट करण्यास तरीही मुभा होती, हे लक्षात घेतले म्हणजे आधी काय चालले असेल याची कल्पना येते. सभेच्या अहवालामुळेच हे झाले असे म्हणण्याइतका पुरावा नाही. मात्र सरकारी आकड्यासमोर लोकांनी स्वतः जमविलेला आकडा ठेवायचा, हा पायंडा तेथे पडला. १८७८ पासून निघालेल्या सभेच्या त्रैमासिकाने तो पुढे चालविला.

याच सुमारास काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः कातलेल्या सुताची खादी ते वापरू लागले, आणि हे गांधीयुगाच्या जवळजवळ अर्धशतक आधी. १८७७ च्या १ जानेवारीस दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपद जाहीर करणारा दरबार भरला, तेव्हा सभेचे मानपत्र घेऊन गेलेले काका राजेरजवाड्यांच्या त्या झगमगाटात पांढऱ्या जाड्याभरड्या खादीत होते.

दरबार चालू असताना इकडे दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. काकांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम कोणते, असे विचारल्यास मी या दोन वर्षांकडे बोट दाखवीन. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील आपल्या वार्ताहरांकडून माहिती मागवली. पिकांची स्थिती, धान्याचे भाव, कामांवरील मजुरी, गुरांची दशा असा सारा तपशील एकत्र करून तिने सरकारकडे पत्रांमागून पत्रे पाठविली. सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणामुळे १८७७ मध्ये मजुरी उतरविण्यात आली. पुरुष मजुराला दिवसभराच्या खडी फोडण्याबद्दल एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. मोठ्या संख्येने मजूर कामे सोडून गेले. सरकारी दृष्टीने तो हेकटपणा होता. एवढ्या अन्नावर अंगमेहनत होणे नाही, हे सभेने साधार मांडले. दुष्काळी कामावरचा हजेरीपट आणि मजूर यांच्यामध्ये काय काय गळते, हे १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पाहिले त्यांना या पत्रव्यवहाराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मुखत्यारपत्राचा नियम सर्व जातींना खुला असला, तरी ते मिळविणारे बहुतेक सरदार, इनामदार, सावकार, वकील असेच होते. सार्वजनिक म्हणविणाऱ्या या सभेत शूद्रातिशूद्र किती, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेप खोडून काढता येण्याजोगा नव्हता. सारा वाढल्याने कुणबी बुडाला हे सभेने हिरिरीने सांगितले. सावकाराच्या व्याजाने तो किती बुडाला, हे सांगताना मात्र तिचा आवाज खालच्या पट्टीत येई. हिशेब मागणारा स्वतः कोणत्या वर्गातून आला आहे, यावर तो कोणती वही उघडील आणि कोणती मिटलेलीच ठेवील हे पुष्कळदा अवलंबून असते.

काकांच्या वैयक्तिक धैर्याबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. पुण्यातील ब्राह्मणवर्गावर सरकारची करडी नजर होती, फडक्यांशी ओळख असल्याचे सांगणेही धोक्याचे होते. अशा वेळी त्यांचे वकीलपत्र काकांनी घेतले. फडक्यांच्या मार्गाचा पुरस्कार सभेने कधीच केला नव्हता. परंतु आरोपीची बाजू मांडली गेल्याशिवाय न्याय होत नाही, हे तत्त्व काकांनी पर्वतीच्या पंचांना आणि सरकारला सारखेच लावले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठविण्यात आले. पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, काका ५२ व्या वर्षी निधन पावले.

पर्वतीवरून निघालेल्या प्रश्नाला कायद्याचे रूप यायला ऐंशी वर्षे लागली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानांना हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक केले. राज्याचा माहितीचा अधिकार २००२ साली आणि देशाचा २००५ साली आला. आज दहा रुपयांच्या अर्जावर नागरिकाला सरकारी कागद मागता येतो, आणि आपण कोण व कशासाठी विचारता, असे त्याला विचारण्याची मुभा अधिकाऱ्याला नाही. काकांना ५० सह्या लागत होत्या, आता एक पुरते. माझ्या परिचयातील कित्येक सुशिक्षित मंडळींनी हा अर्ज जन्मात एकदाही केलेला नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्या सहा हजार सह्यांचे अप्रूप अधिकच वाटते.

सभेचे पुढे काय झाले? १८९५ मध्ये ती टिळकांच्या ताब्यात आली, रानडे व गोखले यांनी १८९६ मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. त्याच साली पुन्हा दुष्काळ पडला. सभेचे प्रतिनिधी गावोगाव हिंडून दुष्काळसंहितेप्रमाणे सारातहकुबी व मदत मागण्याचा रयतेचा हक्क तिला समजावून सांगू लागले. १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले, की सार्वजनिक धोरणाच्या बाबतीत सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा या संस्थेला यापुढे अधिकार राहिलेला नाही.