डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्यांची अमेरिकेतली मावशी

आपल्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून आधी नाहीच म्हटले. पण डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी बरेच दिवस मनात काही घोळत होते, ते लिहिते. अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. मला सांगायचे आहे ते त्यांच्या नात्यागोत्यांविषयी. माणूस सातासमुद्रापार गेले की घरातली नाती कशी हलतात, हे आमच्याही घरात सध्या चालले आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट, आणि हट्ट म्हणजे साधासुधा नव्हे. अभ्यास टाळला तर ते तिला मारीत. शिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्या दहा वर्षांच्या पोरीचा जीव कसा होत असेल, तेही बायकांनी तरी विसरू नये.

चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. बाईचे दुखणे बाईला सांगता यावे, म्हणून आपण डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी पुढे ठरविले.

गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना एका मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीत रोझेल गावी राहणाऱ्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या, तिथे त्यांनी ते वाचले. ही 1880 ची गोष्ट. त्यांनी आपणहून पत्र धाडले, इकडून उत्तर गेले, आणि एकमेकींचे तोंड न पाहताच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

पतीच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड पुढे कलकत्त्याकडे श्रीरामपूरला गेले. बाई एकटी परदेशी निघाली म्हणून लोकांनी नाही नाही ते ऐकविले. तेव्हा फेब्रुवारी 1883 मध्ये त्यांनी तिथल्या कॉलेजात सभेपुढे उभे राहून आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, हे जाहीरपणे सांगितले. 7 एप्रिलला बोट सुटली. बरोबर नवरा नाही, सासरमाहेरचे कोणी नाही. सोबतीला मिशनकडच्या बायका. वय अठरा. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि मावशीच्या घरी राहिल्या.

पुढे फिलाडेल्फियाला बायकांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. जेवण शाकाहारी, अंगावर साडीच. तिथल्या थंडीत नऊवारीखाली पाय उघडे पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. एवढ्यावरूनही गोपाळरावांना पत्राने कळवावे लागे, आणि तिकडून संशयाचे, रागाचे शब्दही येत. अशाच एका उत्तरात आनंदीबाईंनी लहानपणी खाल्लेल्या माराचा पाढा त्यांच्यापुढे वाचला. शांतपणे, पण काही न वगळता. कल्याणच्या किंवा अलिबागच्या घरात समोर उभे राहून हे त्या बोलल्या असत्या का? मला नाही वाटत. मध्ये समुद्र आला, तेव्हा तोंड उघडले. आणि तरीही आपल्या शिक्षणाचे श्रेय त्या गोपाळरावांनाच देत. नवराबायकोचे कोडे बाहेरच्याने सोडवू नये म्हणतात, ते असे.

11 मार्च 1886 रोजी एम. डी. ची पदवी मिळाली. गोपाळराव तोवर तिकडे पोहोचले होते. नात्यातल्या पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन खास इंग्लंडहून समारंभाला आल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर नेमणूकही ठरली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. 1886 च्या अखेरीस त्या परतल्या, पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. एकाही रोग्याची नाडी कोल्हापुरात त्यांना पाहता आली नाही.

माझी पुतणी धुळ्याची. दोन वर्षांपूर्वी शिकायला अमेरिकेला गेली. जाताना बॅगेत कळण्याचे पीठ, मसाला, ज्वारीचे बिबडे, सगळे भरून दिले. तिथे शेजारी एक पंजाबी बाई राहतात. ताप आला तेव्हा रात्रभर त्याच उशाशी बसल्या. पोर त्यांना मावशी म्हणते. रोज फोनवर मावशी अशी, मावशी तशी. माझ्या जाऊबाईंना ते झोंबते. सख्खी मावशी जळगावात असताना ही कोण, असे त्या मला कितीदा म्हणाल्या.

म्हणून मी त्यांना आनंदीबाईंची शेवटची हकिगत सांगितली. पुण्यात अग्निसंस्कार झाल्यावर गोपाळरावांनी रक्षा गंगेला नेली नाही, अमेरिकेला मावशीकडे पाठविली. मिसेस कार्पेंटरनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवली. वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे, तो आजही तिथे आहे.

जाऊबाईंनी ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, की तेव्हा त्यांची आई जिवंत होती का. होती. पुण्यात लेकीच्या उशाशीच होती. मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. या खेपेच्या पार्सलात मात्र बिबड्यांची पुडकी दोन होती.