यंत्रवेडा लेखक आणि त्याची लेखणी

कादंबरी हाताने लिहावी की संगणकावर, हा वाद नव्या लेखकांत हिरिरीने चालतो. परंतु लेखणी आणि यंत्र यांतील निवडीचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात एका अमेरिकन कादंबरीकाराने तो स्वतःवर प्रयोग करून सोडवू पाहिला आणि यंत्रांच्या वेडापायी जबर किंमत मोजली. तो लेखक म्हणजे मार्क ट्वेन.

सॅम्युअल क्लेमेन्स हे त्याचे मूळ नाव. १८३५ साली मिसूरी राज्यात त्याचा जन्म झाला. १८४७ मध्ये वडील वारले आणि पोरवयातच तो छापखान्यात उमेदवारीस लागला. एकेक खिळा जुळवून ओळ बांधायची आणि छपाई संपताच तेच खिळे पुन्हा खणांत टाकायचे, हे कष्ट त्याने सोसले होते. श्रम वाचविणाऱ्या यंत्राविषयी त्याला आयुष्यभर जे आकर्षण वाटले, त्याचे मूळ येथे असावे.

१८७४ साली त्याने १२५ डॉलर मोजून टंकलेखन यंत्र घेतले. त्यावर केवळ मोठी अक्षरे उमटत. थोड्याच काळात कंटाळून त्याने ते देऊन टाकले. तथापि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मिसिसिपी नदीवरील त्याच्या पुस्तकाची टंकलिखित प्रत मुद्रकाकडे गेली. अशा पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते. मात्र मूळ लेखन हाताचेच होते. यंत्राने केली ती केवळ नक्कल.

१८९१ मध्ये संधिवाताने उजवा हात आखडला, तेव्हा त्याने एक कादंबरी ध्वनिलेखन यंत्रापुढे बोलून पाहिली. मेणाच्या कित्येक नळ्या भरल्यावर त्याने तो नाद सोडला आणि दुखऱ्या हाताने पुन्हा लेखणी धरली. याउलट ज्या ‘हकलबरी फिन’मुळे त्याचे नाव अजरामर झाले, ती कादंबरी १८७६ साली सुरू होऊन मध्ये पडून राहिली आणि १८८३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या हस्तलिखिताचा हरवलेला पूर्वार्ध १९९० साली लॉस एंजेलिसमधील एका माळ्यावर सापडला. त्यात पहिल्याच वाक्यात खाडाखोड आहे. अडाणी पोराचा सहज वाटणारा आवाज किती सायासाने सापडला, हे त्या खाडाखोडीमुळेच आज कळते.

लेखक म्हणून यंत्रापासून दूर गेलेला हा मनुष्य गुंतवणूकदार म्हणून मात्र यंत्राच्या आहारी गेला. पेज नावाच्या संशोधकाच्या खिळेजुळणी यंत्रात त्याने सुमारे तीन लाख डॉलर ओतले. त्यात पत्नीचा वारसाही गेला. सुमारे १८ हजार भागांचे ते यंत्र सतत बिघडे. दरम्यान १८८६ पासून लायनोटाइप वापरात येऊन बाजारपेठ काबीज करू लागले. १८९४ मध्ये ट्वेनची प्रकाशनसंस्थाही बुडाली. कायद्याने बंधन नसताना पूर्ण कर्ज फेडण्याचे त्याने ठरविले आणि साठीच्या उंबरठ्यावर तो व्याख्याने देत जगभर फिरला. १८९६ च्या जानेवारीत मुंबई व पुणे येथेही तो याच फेरीत आला होता. १८९८ साली कर्ज फिटले. १९०६ पासून त्याने आत्मचरित्र लघुलेखिकेला सांगून लिहविले. समोर ऐकणारे माणूस असताना त्याची वाणी मोकळी वाहिली. १९१० साली तो निवर्तला.

या आयुष्यातून यंत्राचा निषेध निघत नाही. लेखनात दोन प्रकारचे श्रम असतात: एक नकलेचे, दुसरे शोधाचे. पहिले यंत्राने वाचतात आणि ते अवश्य वाचवावेत. दुसरे वाचविता येत नाहीत. संगणकाने हे दोन्ही श्रम एकाच पडद्यावर आणले आहेत. पहिला खर्डाही तेथे स्वच्छ प्रतीसारखा दिसतो. म्हणून साधन कोणतेही घेतले, तरी आपण नेमका कोणता श्रम टाळीत आहोत, हे लिहिणाऱ्याने स्वतःस विचारलेच पाहिजे.