रिचर्ड हॅमिंग

रिचर्ड वेस्ली हॅमिंग (११ फेब्रुवारी, इ.स. १९१५ – ७ जानेवारी, इ.स. १९९८) हे अमेरिकन गणितज्ञ व संगणकशास्त्रज्ञ होते. साठवलेल्या किंवा पाठवलेल्या माहितीतील चूक यंत्रानेच ओळखावी आणि दुरुस्तही करावी, यासाठी त्यांनी तयार केलेले त्रुटीसुधारक संकेत 'हॅमिंग संकेत' या नावाने ओळखले जातात. इ.स. १९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

जीवन

हॅमिंग यांचा जन्म शिकागो येथे झाला. त्यांना अभियंता व्हायचे होते. परंतु महामंदीच्या काळात शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तेथे अभियांत्रिकीचा विभाग नव्हता. त्यामुळे ते गणिताकडे वळले. इ.स. १९३७ मध्ये त्यांनी तेथून पदवी, इ.स. १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी आणि इ.स. १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून विद्यावाचस्पती ही पदवी मिळवली. त्याच वर्षी वांडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इ.स. १९४५ मध्ये ते मॅनहॅटन प्रकल्पासाठी लॉस अलामोस येथे गेले. तेथील भौतिकशास्त्रज्ञांची समीकरणे आयबीएमच्या गणनयंत्रांवर सोडवण्याचे काम त्यांच्याकडे होते. वांडा यादेखील तेथे गणनाचे काम करीत. इ.स. १९४६ मध्ये हॅमिंग बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. काही काळ क्लॉड शॅनन हे त्यांच्याच खोलीत काम करीत होते.

त्रुटीसुधारक संकेत

बेल प्रयोगशाळेतील 'मॉडेल ५' हा संगणक विद्युत रिलेंवर चालत असे व त्याला छिद्रित कागदी पट्टीवरून माहिती पुरवली जाई. या यंत्राला स्वतःची चूक ओळखता येत असे. कामाच्या दिवशी चूक आढळल्यास यंत्र थांबून दिवे लावून इशारा देई व चालक ती दुरुस्त करीत. शनिवार-रविवारी मात्र चालक नसत. अशा वेळी यंत्र चुकलेले काम सोडून पुढचे काम हाती घेई. हॅमिंग यांना यंत्र प्रामुख्याने सुट्टीच्या दिवशीच मिळे. लागोपाठ दोन आठवडे सोमवारी येऊन पाहतात तो त्यांचे काम अर्धवट टाकून दिलेले होते. यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती कोठे झाली हेही का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. ऐकणारा कोणी नसेल तर इशारा निरुपयोगी ठरतो, ही अडचण त्यामागे होती.

त्यांच्या उत्तराचे सर्वांत परिचित रूप सात बिटांचे आहे. त्यांपैकी चार बिट माहितीचे, तर १, २ व ४ या स्थानांवरील तीन बिट तपासणीचे असतात. पहिली तपासणी १, ३, ५, ७ या स्थानांवर, दुसरी २, ३, ६, ७ यांवर आणि तिसरी ४, ५, ६, ७ यांवर चालते. प्रत्येक गटातील एकांची संख्या सम असावी लागते. समजा पहिली व तिसरी तपासणी फसली, तर १ आणि ४ यांची बेरीज ५ येते. म्हणजे पाचवा बिट चुकला आहे. तो उलटवला की मूळ माहिती परत मिळते.

शॅनन यांनी इ.स. १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या संकेताचा उल्लेख केला. पेटंटच्या प्रक्रियेमुळे हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध मात्र इ.स. १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान इ.स. १९४९ मध्ये मार्सेल गोले यांनी त्याच दिशेचे काम प्रकाशित केले होते. दोन संकेतशब्दांत किती स्थानी फरक आहे हे मोजणारे 'हॅमिंग अंतर' याच निबंधातून रूढ झाले.

साठवणुकीतील उपयोग

सात बिटांच्या संकेताला आणखी एक तपासणी बिट जोडल्यास एक चूक दुरुस्त करता येते आणि दोन चुका झाल्याचे ओळखता येते. सर्व्हरच्या स्मृतीत ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट ठेवण्याची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. दुरुस्त झालेल्या चुकीची यंत्रणेच्या लॉगमध्ये केवळ नोंद केली जाते व काम चालू राहते. दुरुस्त न होणारी चूक आढळल्यास मात्र इशारा दिला जातो किंवा काम थांबवले जाते. एकाच भागातील चुकांच्या नोंदी वाढू लागल्या, की तो भाग निकामी होण्यापूर्वी बदलता येतो. चकत्या व फ्लॅश स्मृतीत आज अधिक चुका सुधारणारे संकेतही वापरले जातात.

उत्तरायुष्य

हॅमिंग इ.स. १९५८ ते १९६० या काळात असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचे अध्यक्ष होते. इ.स. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन केले. आयईईई या संस्थेने त्यांच्या नावे पदक सुरू केले, इ.स. १९८८ मध्ये ते प्रथम त्यांनाच देण्यात आले. डिसेंबर १९९७ पर्यंत ते शिकवत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच माँटेरे येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.